यागोच्या फळाची कबर

किसुमुच्या जुन्या गोदीच्या पलीकडच्या टोकाला, जलपर्णीत कमरेपर्यंत रुतलेलं एक जहाज वर्षानुवर्षं उभं होतं. जहाजाचं नाव गंजून गेलं होतं आणि त्याच्या राखणदाराचं नाव कोणी घेत नव्हतं. गोदीतली माणसं त्याला यागो म्हणायची. यागो म्हणजे एक झाड, आणि त्या झाडाचं फळही: हातभर लांब, जड, खायच्या कामाचं नाही असं. ते फळ आमच्याकडे कशाला लागतं हे माहीत असलेल्याने जिवंत माणसाला ते नाव ठेवू नये, पण गोदीतल्या थट्टेला धरबंध कधीच नव्हता. यागो म्हणून हाक मारली की तो मुकाट्याने ओ द्यायचा. त्याचं खरं नाव ओबिएरो. ओबिएरो नावाचा माणूस मेला, त्याला रीतसर पुरलं, त्याच्या नावाने बैल कापला, आणि त्याची बायको त्याच्या चुलतभावाच्या पदरात गेली. हे सगळं झालं तेव्हा ओबिएरो जिवंत होता, एवढीच काय ती अडचण.

तो उयोमाच्या किनाऱ्यावरचा. बाप किसुमुच्या गोदीत रिव्हेट तापवायचा. आमच्या नाम लोल्वेवर, म्हणजे या अफाट सरोवरावर, जी मोठी जहाजं फिरली ती पाण्यातून आलीच नाहीत. ती रेल्वेने आली, तुकडे तुकडे होऊन, पेट्यांत भरून. इथल्या माणसांनी ती जोडली. बाप म्हणायचा, लाल झालेला रिव्हेट चिमट्याने वर फेकायचा, वरच्याने तो टोपलीत झेलायचा, आणि एखादा चुकला की खालच्याची पाठ भाजायची. जहाज पाण्यात सोडताना मात्र साहेबाच्या बायकोचा फोटो निघाला.

बाहेरच्या माणसांना सरोवर म्हटलं की तळं वाटतं. कमळं, बदकं, संध्याकाळची हवा. त्यांनी एकदा भर दुपारी मधल्या पाण्यात यावं, जिथे चारही बाजूंना जमीन दिसत नाही आणि लाटा आखूड, उभ्या, एकीच्या पाठीवर दुसरी अशा येतात. या पाण्याने लाकडं वाहणारी जहाजं गिळली, लढाईतली गिळली, शाळेला निघालेल्या पोरांचे पडाव गिळले. अजून कोणाच्या जाळ्यात कधी तांब्याची किटली येते, कधी बूट येतो. बूट आला की कोळी तो परत टाकतात, कारण मागोमाग त्याचा मालक येईल अशी भीती असते.

ओबिएरो ‘न्यार उयोमा’वर आगवाला होता. जहाज म्हातारं, कोण्या व्यापाऱ्याने भंगाराच्या भावात घेतलेलं, लाकडावर चालणारं. नावाचा अर्थ उयोमाची लेक, आणि ओबिएरोला ती खरंच घरची वाटायची. भट्टीसमोर त्याच्या उजव्या मनगटावर एक चांगला लांबडा डाग पडला होता. पहिल्यांदा भाजलं तेव्हा आईने त्यावर लोणी चोळलं होतं आणि जहाजाला शिव्या घातल्या होत्या.

त्या दिवशी कापसाच्या गाठी पोटात मावेनात. मालकाने त्या वरच्या डेकवर रचायला लावल्या. कप्तान कुरकुरला, तर मालक म्हणाला, कापूस तो, त्याचं काय वजन होणार. धक्का सोडताना ते खरंही होतं. मग वाटेत पाऊस लागला आणि गाठी पाणी प्यायला लागल्या. पार दुपारभर प्यायल्या. प्रवासी त्यांच्याच आडोशाला बसून ओमेनाचे सुके मासे चघळत होते आणि मालकाला दुवा देत होते. खाडीच्या तोंडाशी वारा फिरला, जहाज एका अंगावर कललं, आणि परत सरळ व्हायचं त्याला जमलंच नाही. ओबिएरो तेवढ्यात हवा खायला भट्टीवरून वर आला होता. खालचे दोघे सोबती खालीच राहिले.

त्याला वाचवलं संडासाच्या दाराने. ते दार कधी नीट लागत नसे म्हणून अख्खं जहाज त्याला नावं ठेवायचं. बुडताना तेच पहिल्यांदा निखळलं. वाऱ्याने त्याला दक्षिणेकडे नेलं, दुसऱ्या देशाच्या हद्दीतल्या एका बेटावर, जिथे चार झोपड्या आणि माशांचा वास होता. डावा पाय कापसाच्या गाठीखाली चिरडला होता. तिथल्या कोळ्यांनी तो फळ्या बांधून वाकडातिकडा जोडला, त्याला तापातून काढलं, आपल्या पोरांच्या तोंडचं खाऊ घातलं. अशा माणसांची नावं कुठे लिहिलेली नसतात. त्याला उभं राहता येईना तेव्हा उत्तरेला जाणाऱ्या एका मासळीच्या पडावाबरोबर त्याने निरोप धाडला: उयोमात सांगा, ओबिएरो जिवंत आहे, पाय चालता झाला की येतो.

निरोप पोचला. आमच्याकडे निरोप पोचायची अडचण कधीच नसते.

पण तोवर घरी काय झालं होतं ते ऐका. बुडालेल्यांना पाण्याने परत द्यावं म्हणून किनाऱ्यावर ढोल वाजवून झाले होते. पाण्याने बरीच प्रेतं दिली, ओबिएरोचं दिलं नाही. आणि ज्या घरचा माणूस मेला पण पुरला गेला नाही, त्या घरात पेरणी होत नाही, लग्न होत नाही. पावसाची वेळ झाली. आजूबाजूच्या शेतांतून मका जमिनीबाहेर डोकावू लागला आणि ओबिएरोच्या घरची जमीन तशीच पडून. चुलतभाऊ ओगुतु वयाने मोठा, म्हणून घरातला शब्द त्याचा. तो वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो म्हणाला, आणखी किती थांबायचं, पोरं काय खाणार. ओबिएरोची आई, जिला सगळे माहेरावरून न्यार साकवा म्हणायचे, एकटी आडवी आली. माझ्या पोटाला कळलं नाही अजून, असं म्हणत राहिली. शेवटी तिचाही धीर सुटला. पाण्यात गेलेल्याचं शरीर मिळालं नाही तर त्याच्या जागी यागोचं फळ पुरतात. फळ आणलं. ओबिएरोचा सदरा त्याला गुंडाळला. घराच्या उजव्या हाताला, जिथे घरधनी पुरतात तिथे, खड्डा भरला. डोकी भादरली, पेरणी झाली, आणि रीतीप्रमाणे आकेयो, ओबिएरोची बायको, ओगुतुच्या आधाराला दिली गेली. त्यातून जी पोरं होतील ती ओगुतुची नव्हेत, मेलेल्या ओबिएरोच्या नावाची. हीही रीतच.

निरोप आला तो त्यानंतर. ओगुतुने डोक्याला हात लावला आणि म्हणाला, बुडालेली माणसं असेच निरोप धाडतात. एकाला बोलावून नेतात, मग दुसऱ्याला. लोकांना ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचं होतं, कारण मका गुडघ्याला लागला होता.

ओबिएरो आला तो भर दुपारी, काठी टेकत. शेराच्या कुंपणाच्या तोंडाशी आई उभी होती. कोणी तरी आधीच पळत येऊन सांगितलं असणार.

“तिथेच थांब,” ती म्हणाली.

“आई, मी आहे.”

“दिसतंय मला. म्हणूनच सांगते, थांब.”

तो थांबला. त्याला हसूच आलं आधी, असं तो पुढे सांगायचा. त्याला वाटलं, आई रागावली, इतके महिने कुठे होतास म्हणून.

“मी सगळ्यांशी भांडले तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “थांबा म्हटलं. मग थकले. तुझा सदरा मी माझ्या हाताने गुंडाळला त्याला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. आता ती माती उकरली तर ती रिकामी राहायची नाही, कोणाला मागेल, सांग? आत तुझी पोर खेळतेय.”

“त्यात फळ आहे, आई. नुसतं फळ.”

“आम्ही रडलो ते फळासाठी नव्हे.”

म्हातारे झाडाखाली बसले. एकाने वाट काढली: बकरं कापा, कुंपण मागच्या बाजूने फोडा, तिथून त्याला आत घ्या, म्हणजे तो नव्याने आला असं होईल. बाकीच्यांनी माना हलवल्या. ओगुतुही म्हणाला, बघा, होत असेल तर माझी आडकाठी नाही. फक्त एक गोष्ट लागत होती. आईने सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं की हा माझा. सगळे तिच्याकडे बघत बसले. तिने पदर डोक्यावरून ओढला आणि बोललीच नाही. सावल्या लांबल्या, तरी नाही. ज्या बाईने त्याला मेला म्हणायला सगळ्यात उशीर केला, तिलाच त्याला जिवंत म्हणणं जमलं नाही. माझं डोकं अजून फिरतं याने, पण तिच्या जागी उभं राहून बघायचं धाडस माझ्यात नाही.

आकेयो शेवटी कुंपणाबाहेर आली. मक्याच्या पिठाची उगाली आणि भाजीचं भांडं तिने जमिनीवर ठेवलं, हातात दिलं नाही. तिचं पोट दिसत होतं.

“अवुओरच्या बापा,” ती म्हणाली, पोरीच्या नावाने नेहमी म्हणायची तशी, “मी रडले तुझ्यासाठी. होतं नव्हतं तेवढं सगळं रडून घेतलं. आता माझ्याकडून आणखी काय पाहिजे?”

“काही नको. माझं घर पाहिजे.”

“हे पोटातलं तुझ्या नावाचं आहे. तू मेलास म्हणून त्याला नाव आहे. तू आलास तर ते कोणाचं?”

तो जेवला, भांडं पालथं घातलं आणि किसुमुला निघून गेला.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, तरी सांगतो. लंगड्या आगवाल्याला कोणी जहाजावर घेईना. मग रेल्वे वाढली, रस्ते झाले, आणि जहाजंच बंद पडत गेली. बापाने ज्याचे रिव्हेट तापवले होते असं एक जहाज धक्क्याला लावून ठेवलं, आणि त्याची राखण ओबिएरोला मिळाली. चोरण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. तो सारंगाच्या खोलीत झोपायचा, डेकवर मासे भाजायचा, हातपंपाने तळातलं पाणी उपसायचा. उपसायचं कशाला, असं लोक विचारायचे. जहाज जाणार कुठे? तो म्हणायचा, धक्क्याला लागलेलं जहाज बुडालं तर फार लाज वाटते. संध्याकाळी कोणी बसायला आलं तर तो कुठलं जहाज कुठे आणि कशाने गेलं ते सांगायचा. आपलं सोडून सगळी सांगायचा.

उयोमाची माणसं बाजाराला किसुमुत यायची. त्याला बघून काही रस्ता बदलायची, काही नमस्कार करायची पण नाव घ्यायची नाहीत. सगळ्यांना माहीत होतं. एखाद्याने चारचौघांत ते बोलून दाखवलं असतं तर कदाचित काम झालं असतं, पण माहीत असणं आणि बोलणं यांच्यामध्ये आमच्या लोकांनी शेराचं मोठं दाट कुंपण घातलेलं आहे. आकेयोला तीन पोरं झाली, त्याच्या नावाची. ओगुतु पुढे तापाने गेला. ओबिएरोला वाटलं, आता तरी कोणी येईल. कोणी आलं नाही.

घराची आशा त्याने केव्हाच सोडली होती. एकच गोष्ट त्याने धरून ठेवली होती: आपल्याला आपल्या मातीत पुरावं. परक्या ठिकाणी पुरलेल्या माणसाची गत काय होते, तो कसा भटकत राहतो, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. आणि त्याची जागा तर भरलेली. एकदा घरच्यांसमोर उभं राहून मी ओबिएरो असं म्हणायला मिळालं, तर निदान मेल्यावर कोणी नाही म्हणणार नाही, असा त्याने हिशेब मांडला होता. त्यासाठी आत जाणं भाग होतं.

मग एके दिवशी ओकोथ आला. आकेयोच्या त्या वेळच्या पोटातला. आता चांगला उंच बाप्या झाला होता, शाळेत शिकवत होता. फळीवरून तोल सांभाळत डेकवर आला आणि वडीलधाऱ्याला करतात तसा वाकून त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

“आई गेली,” तो म्हणाला. “परवा पुरायचीय.”

ओबिएरोने भाजत ठेवलेला मासा उलटला.

“तुम्ही या, बाबा,” ओकोथ म्हणाला. “मी सगळ्यांशी बोललोय. गोदीतले पाहुणे म्हणून या. कोणी अडवणार नाही. रडा, बसा, जेवा. फक्त… नाव सांगू नका.”

“कोणाचं? माझं की तुझ्या बापाचं?”

ओकोथने मान खाली घातली. चांगला मुलगा होता. घरच्या कोणालाही जे इतकी वर्षं सुचलं नाही ते त्याला सुचलं, आणि त्याच्या चांगुलपणाने ओबिएरोला जेवढं लागलं तेवढं बुडालेली माणसं निरोप धाडतात या ओगुतुच्या बोलण्यानेही लागलं नव्हतं. तरी तो हो म्हणाला. मनात त्याने ठरवलं, जायचं, आणि पुरणं झालं की सगळ्यांसमोर नाव सांगायचं. जे व्हायचं ते होऊ दे.

अशा रीतीने ओबिएरो आपल्या घराच्या कुंपणातून आत गेला, पाहुणा म्हणून, धुतलेला सदरा घालून. कोणीतरी त्याला बसायला स्टूल दिलं. सावलीत सगळीकडे गर्दी. एकाच झाडाखाली कोणी नव्हतं. पुरलेल्या फळाला कोंब फुटून यागोचं चांगलं डेरेदार झाड झालं होतं, आणि त्याची फळं दोराला बांधल्यासारखी लोंबत होती. त्या झाडाला कोणी हात लावत नसे. तो तिथेच बसला. आपल्याच कबरीची सावली, तिच्यावर आपल्यापेक्षा कोणाचा जास्त हक्क?

आकेयोला त्या झाडाच्या डाव्या हाताला पुरलं, नवऱ्याच्या शेजारी. एक म्हातारा काठी नाचवत पुढे आला आणि रीतीप्रमाणे गेलेलीचे गुण गाऊ लागला. ओबिएरोची बायको! जिने विझलेल्या घरात चूल पेटती ठेवली! आणि ओबिएरो कोण? न्यार उयोमाचा तो वाघ, ज्याने बुडताना आपली फळी एका गरोदर बाईला दिली! बायका हुंदके देऊ लागल्या. ओबिएरोला संडासाचं दार आठवलं. ते जेमतेम एकापुरतं होतं. म्हातारा त्याला नीट ओळखत होता, लहानपणी दोघे एकत्र मासे धरायचे, आणि सबंध वेळ तो त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता.

रडणं ओसरलं. आता, असं ओबिएरोने मनाशी म्हटलं आणि काठी सावरली.

“यागोखाली कोण बसलंय?” असा आवाज आला. ओट्यावर चटई टाकून न्यार साकवा बसली होती. तिचे डोळे गेले होते. तिला कोणी सांगितलं, की खोकला ऐकून तिने विचारलं, कोण जाणे.

“किसुमुहून पाहुणे आलेत, आजी,” ओकोथ घाईने म्हणाला. “गोदीतले.”

“आण त्यांना इकडे.”

ओबिएरो पाय ओढत गेला. तिने मान कलती करून त्याचं चालणं ऐकलं. तो खाली बसला तसा तिने त्याचा हात चाचपून घेतला. पंजा, मग बोटं, मग मनगट. भाजल्याच्या डागाशी तिचा अंगठा आला आणि तिथेच थांबला. ज्यांना माहीत होतं ते सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले.

“गोदीतले का तुम्ही?” ती म्हणाली. “माझा मुलगा होता तिकडे. जहाजावर. ओबिएरो. ओळखत होता का?”

तिने हात सोडला नव्हता. शब्द त्याच्या तोंडाशी तयार होते. त्याने मान वर केली तर समोर अवुओर उभी होती, कडेवर नातवंड घेऊन, त्याची लेक, आता डोक्यात पांढरे केस आलेली. तिने पोराला छातीशी घट्ट धरलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, निव्वळ भीती होती.

“ओळखत होतो,” तो म्हणाला.

“मग?”

“बुडाला, आई.”

म्हातारीचा अंगठा डागावरून एकदा फिरला, जसं लोणी लावावं तसा. मग तिने हात सोडला.

“हो,” ती म्हणाली. “बुडाला.” आणि जरा वेळाने, दुसरीकडे तोंड करून, “पाहुण्यांना आधी वाढा. लांब जायचंय त्यांना.”

अवुओरने ताट आणलं. उगालीचा मोठा गोळा आणि माशाचा मधला जाड तुकडा. तो तुकडा आमच्याकडे पाहुण्याला वाढतात. घरचे डोक्यावर नि शेपटीवर भागवतात. ओबिएरो तो शेवटपर्यंत जेवला.